वाचकांचे प्रश्न : कॅसेटमधली गाणी, आईची गाणी

प्रश्न : वडिलांनी १९८४-८५च्या सुमारास रेडिओवरून भरून घेतलेल्या तीसेक कॅसेट सापडल्या. गाणी फोनवर मिळतात, पण आम्हा भावंडांना याच ऐकायच्या आहेत. एक लावली, तर आवाज गोधडीखालून आल्यासारखा. काय करावं?

उत्तर : याच ऐका. निवेदकाचं मध्येच तुटलेलं वाक्य, बटणाचा खट्ट आवाज, असं बरंच काही त्यात असतं आणि लहानपणीचं घर आठवतं ते बहुतेक त्यानंच. म्हणून घाई नको.

आधी कॅसेटच्या खिडकीतून रीळ बघा. टेपच्या कडांवर पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी. दमट हवेत, कोकणात, मुंबईत ती हमखास धरते. अशी कॅसेट लावली की बुरशी प्लेअरच्या हेडला, म्हणजे टेपवरचा आवाज वाचणाऱ्या भागाला, लागते आणि तिथून पुढच्या कॅसेटला. ती वेगळी ठेवून जाणकाराकडेच द्या. बाकीच्यांच्या मागच्या कडेला प्लॅस्टिकचे दोन छोटे चौकोन असतात, ते मोडून टाका. मग चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं तरी गाणं पुसलं जात नाही.

आता गोधडीचं. कॅसेटच्या उघड्या बाजूला मधोमध, पातळ स्प्रिंगवर नमद्याचा, म्हणजे फेल्टचा, इवलासा तुकडा असतो. तो टेपला हेडवर दाबून धरतो. चाळीस वर्षांत त्याचा गोंद सुकतो, तुकडा गळतो, टेप हेडपासून जराशी सुटते, आणि टाळांची किणकिण, ‘स’चा स्पष्टपणा हे बारीक आवाज आधी जातात. पाच स्क्रूची दुसरी चांगली कॅसेट उघडून तिच्या कवचात आपली दोन्ही रिळं अलगद बसवा. टेपला पीळ पडू देऊ नका. नमदा जागेवर असेल तर बहुधा हेड मळलेलं असणार. कानकाडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसा, पण टेप ओढणाऱ्या रबरी रोलरला ते लावू नका, रबर कडक होतं. तिथं साबणाच्या पाण्याचा ओलसर बोळा पुरे. प्लेअरवर डॉल्बीचं, म्हणजे टेपची खरखर कमी करणारं, बटण असेल तर बंद ठेवा. रेडिओवरून भरलेल्या घरगुती कॅसेटमध्ये बहुधा डॉल्बी नसतं, आणि ते चालू राहिलं तर आवाज आणखी दबतो.

कॅसेट एकदा शेवटपर्यंत पुढे, मग मागे फिरवून घ्या. चिकटलेले थर सुटतात. मगच संगणकावर उतरवा. लॅपटॉपचं माईकचं भोक वापरू नका. बहुधा ते मोनो, म्हणजे डाव्या-उजव्याचा वेगळा आवाज न घेणारं, असतं आणि आवाज फाटतो. लाइन-इन, म्हणजे प्लेअरची वायर थेट जोडायचं भोक, असलेलं छोटं यूएसबी साउंडकार्ड घ्या. रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये हे निवडा : ४४,१०० हर्ट्झ, १६ बिट, स्टिरिओ, वेव्ह फाइल. सर्वांत मोठा आवाज त्यातल्या मापकावर उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. साठ मिनिटांच्या कॅसेटच्या एका बाजूला सुमारे ३०० एमबी लागतात. एमपी३ नंतर करा, मूळ फाइल जपा. खरखर काढणारं सॉफ्टवेअर जोरात चालवलंत तर तबल्याच्या शाईचा नादही त्यात जातो. आमचं मत विचाराल तर खरखर राहू द्या.

प्रश्न : आजोबांच्या ७८च्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) तबकड्या स्पिरिटनं पुसाव्यात का?

उत्तर : मुळीच नाही. त्या लाखेच्या आहेत आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. मऊ ब्रशनं खाचांच्या दिशेनं धूळ काढा.

प्रश्न : आईचा जन्म १९४३चा, आता विस्मरणाचा आजार आहे. भक्तिगीतं लावली की उठून जाते.

उत्तर : भक्तिगीतं त्यांच्या आवडीची, की वयाकडे बघून आपण ठरवलेली? माणसाला साधारण दहा ते तीस या वयातलं सर्वांत जास्त आठवतं. पहिल्यांदा घडलेलं बरंचसं त्याच काळातलं असतं. म्हणजे १९५३ ते १९७३ धुंडाळा. १९५५मध्ये पुणे आकाशवाणीवर गीतरामायण सुरू झालं, आठवड्याला एक, अशी ५६ गीतं. रेडिओ सिलोनवर बुधवारी रात्री बिनाका गीतमाला असायची. तेव्हा घरी रेडिओ होता का, कुणाकडे ऐकायला जायच्या, हे मामा-मावशींना विचारा.

मूळ ध्वनिमुद्रणच लावा. नव्या वाद्यमेळातलं नको, ओळखीचा तुकडा आला नाही की त्या गोंधळतात. इअरफोन नको, समोर स्पीकर ठेवा. आवाज बोलण्याइतका, मध्ये जाहिरात नाही, वीस-पंचवीस मिनिटं पुरे. टीव्ही बंद. आधी कानातला मळ तपासून घ्या. गाण्यानं आजार बरा होत नाही, पण नाव न आठवणारी आई कडवं पूर्ण म्हणते, असं घडतं. रडू आलं तर लगेच बंद करू नका, हात धरून बसा. घाबरल्या किंवा पदर ओढू लागल्या तर मात्र थांबवा आणि ते गाणं वहीत वेगळं लिहून ठेवा, म्हणजे दुपारी सांभाळायला येणाऱ्या ताईही ते लावणार नाहीत.