सायकल-सवाल : लेकरू मागे बसवायचंय, पण सायकल तयार आहे का?

प्रश्न : ताई, मी ऐरोलीत राहते. मुलगी १४ महिन्यांची आहे, वजन ९ किलो. जूनपासून तिला पाळणाघरात ठेवणार, घरापासून दोन किलोमीटर. रिक्षाला रोज उभं राहायचा कंटाळा आलाय म्हणून सायकलवर सीट लावायची ठरवलीये. घरात दोन सायकली आहेत, मिस्टरांची गिअरवाली, जिला मागे पण शॉकअप आहे, आणि माझी कॉलेजची लेडीज सायकल. सायकलवाला म्हणतो लोखंडी सीट वेल्डिंग करून देतो, स्वस्तात होईल. सीट पुढे लावू की मागे, आणि कुठली घेऊ?

उत्तर : सीट कुठली ते शेवटी बघू, आधी सायकल बघू. मला येणाऱ्या दहातल्या नऊ पत्रांत सीटबद्दलच विचारलेलं असतं, आणि सीट ज्या कॅरिअरवर बसणार तो कॅरिअर कसाय, ब्रेक लागतो का, स्टँड कुठला आहे हे कोणीच लिहीत नाही.

मिस्टरांची सायकल यातून बादच करा. मागे शॉकअप असलेल्या सायकलीचा मागचा भाग खालीवर होतो, सीट घट्ट धरायला पक्की जागाच मिळत नाही आणि एखाद्या खड्ड्यात सीट टायरवर घासू शकते. तुमची लेडीज सायकल मात्र एकदम योग्य आहे, जुनी आहे म्हणून तिला कमी समजू नका. मागे मूल बसलेलं असताना मागून पाय टाकून चढताच येत नाही, पाय पुढूनच घालावा लागतो, आणि दांडी खाली असेल तर ते सहज जमतं, थांबताना दोन्ही पाय पटकन जमिनीला लागतात.

आता कॅरिअर. लेडीज सायकलीला कंपनीचा जो बारीक तारेचा, स्प्रिंगच्या चापाचा कॅरिअर येतो तो डबा नाहीतर वही ठेवायला असतो. चांगल्या कॅरिअरवर किती किलो झेपतं तो आकडा ठोकलेला असतो, तुम्हाला २५ किलोवाला लागेल. हिशोब सोपा आहे, मुलगी आज ९ किलोची आहे पण चार वर्षांची होईपर्यंत १५-१६ किलोची होईल, त्यात सीटचं स्वतःचं चारेक किलो धरा, म्हणजे १८ किलोवाला कॅरिअर तुम्हाला पुरणार नाही. मागच्या सीटसुद्धा साधारण ९ ते २२ किलोच्या मुलांसाठी बनवलेल्या असतात, म्हणजे आज घेतलेली सीट चार-पाच वर्षं चालेल.

कॅरिअर बदलायचा नसेल तर सीटचा दुसरा प्रकार घ्या, जो तुमच्या बसायच्या सीटखालच्या उभ्या नळीला ब्रॅकेट लावून बसतो. त्यातून दोन स्टीलच्या सळ्या मागे येतात आणि बाळाची खुर्ची त्या सळ्यांवर तरंगते, खाली कॅरिअर लागतच नाही. मला हाच प्रकार जास्त आवडतो कारण सळ्या थोड्या लवतात आणि स्पीडब्रेकरचा दणका मुलाच्या पाठीला कमी बसतो. फक्त ही नळी गोल हवी, बहुतेक ब्रॅकेट २८ ते ४० मिलिमीटर जाडीच्या नळीला बसतात, आणि तुमच्या सायकलीत मागच्या ब्रेकची वायर त्याच नळीला चिकटून जात असेल तर ती ब्रॅकेटखाली दाबली जात नाही ना हे स्वतः बघा. दुकानात घाईघाईत बसवून देतात, घरी येऊन ब्रेक दाबला की कळतं वायर अडकलीये. चांगल्या सीटच्या बाजूला एक खूण असते, मुलाचं वजन नेमकं कुठे पडतं ती. ती खूण मागच्या चाकाच्या एक्सलच्या १० सेंटीमीटरपेक्षा जास्त मागे जाऊ द्यायची नाही, गेली तर पुढचं चाक हलकं होतं आणि चढावर हँडल हातात डगमगतं.

वेल्डिंगच्या सीटला माझा ठाम नकार आहे. त्या सायकलवाल्या दादांची नियत चांगलीच असेल, पण त्या सीटला पाठ कमरेपर्यंतच असते, खांद्यावरून पट्टा नसतो आणि मुख्य म्हणजे पाय मोकळे लोंबतात.

पायांचं मला जरा नीट सांगायचंय. माझा मुलगा चार वर्षांचा होता, नेरूळला राहायचो, कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापर्यंतच जायचं होतं म्हणून कॅरिअरवर उशी बांधली आणि त्याला बसवलं, मला घट्ट धर म्हटलं. वळणावर सायकल एकदम जड झाली. मला वाटलं चेन अडकली, म्हणून मी अजून एक पायडल जोरात मारलं. तेव्हा तो ओरडला. त्याची टाच मागच्या चाकाच्या तारा आणि फ्रेमची दांडी यांच्यामध्ये गेली होती आणि सँडलचा मागचा पट्टा एका तारेला गुंडाळला होता. मी घाबरून चाक उलटं फिरवायला गेले तर पाय आणखी दाबला गेला, शेवटी बाजूच्या सोसायटीच्या वॉचमनने पकड आणून दोन तारा कापल्या तेव्हा पाय सुटला. हाड वाचलं, पण टाचेची कातडी गेली आणि महिनाभर त्याला त्या पायात चप्पल घालता आली नाही. ते जास्तीचं एक पायडल मला आजही आठवतं.

म्हणून सीट घेताना पावलांच्या दोन्ही बाजूंना उंच प्लास्टिकची भिंत आहे का आणि पायाला वरून पट्टा आहे का हे आधी बघा, रंग नंतर बघा. शिवाय लेडीज सायकलीला मागच्या चाकावर जाळी बसते, ओढणी जाऊ नये म्हणून असते ती, तुमची तुटली असेल तर नवीन लावून घ्या. तुमची ओढणी कमरेला घट्ट बांधा नाहीतर घरीच ठेवा, कारण मागे बसलेलं मूल पहिलं काय करतं तर पुढे जे लोंबतंय ते ओढतं.

असंच एक बोटांचं. तुमच्या बसायच्या सीटखाली दोन मोठ्या स्प्रिंग असतील तर त्या बरोब्बर मुलीच्या हातासमोर येतात, तुम्ही बसलात की दबतात, उठलात की उघडतात, आणि मध्ये बोट असेल तर काय होईल ते सांगायला नको. स्प्रिंग नसलेली सीट बसवा, नाहीतर जुन्या ट्यूबचा रुंद पट्टा कापून भोवती घट्ट गुंडाळा.

स्टँड डबलच हवा, मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी उचलणारा. एकेरी स्टँडवर सायकल आधीच तिरकी, त्यात वर बसलेलं मूल शेजारच्या कुत्र्याला बघायला वाकलं की झालं. डबल स्टँड असला तरी तिला बसवून हात सोडायचा नाही, गेट उघडायला पण नाही आणि फोन घ्यायला पण नाही. क्रम लावून घ्या : आधी पिशवी पुढच्या बास्केटमध्ये, मग कुलूप काढायचं, मग स्वतःचं आवरायचं आणि सगळ्यात शेवटी मुलगी. उतरताना उलटं, सगळ्यात आधी मुलगी. पाठीवर सॅक घेऊ नका, ती थेट तिच्या तोंडावर येते.

पुढे की मागे याचं उत्तर, तुमच्यासाठी मागे. पुढच्या सीटवर मूल डोळ्यासमोर राहतं, गप्पा होतात हे खरं आहे, पण त्या साधारण १५ किलोपर्यंतच चालतात, हँडल वळवताना जड लागतं आणि गुडघे बाहेर काढून पायडल मारावं लागतं.

सीट बसली की लगेच मुलीला बसवू नका. १० किलो तांदळाची गोणी त्या सीटमध्ये पट्ट्यांनी बांधा आणि रविवारी सकाळी सेक्टरच्या आतल्या रस्त्यांवर तासभर फिरा. ब्रेक जोरात दाबून बघा, स्पीडब्रेकरवरून जा, चढा, उतरा, गोणीसकट स्टँडवर लावा. वजन वर आणि मागे असलं की सायकल कशी वागते ते तांदळाबरोबर शिकून घ्यायचं. ब्रेकचे रबर झिजले असतील तर याच फेरीत कळेल, चाकाला आऊट असेल, म्हणजे फिरताना ते डुगडुगत असेल, तर तोही काढून घ्या आणि दुसऱ्या दिवशी सगळे नटबोल्ट परत एकदा आवळा.

रस्ता आतलाच धरा, दोन मिनिटं वाचवायला ठाणे-बेलापूर रोडवर येऊ नका. तुम्ही जूनपासून सुरू करणार म्हणताय तर माझं ऐकाल तर एप्रिलमध्येच सुरू करा, कारण कोरड्या रस्त्यावर हात बसला पाहिजे. पावसात रिमवरचे ब्रेक उशिरा धरतात, पेव्हर ब्लॉकवर आणि गटाराच्या लोखंडी झाकणांवर चाक घसरतं, धो धो पाऊस असेल त्या दिवशी सरळ रिक्षा करा. आणि एप्रिल-मेमध्ये सायकल उन्हात उभी असेल तर बसवण्याआधी पट्ट्याच्या बक्कलला हात लावून बघा, मांडीला चटका बसेल इतकं तापतं ते.

प्रश्न : मी ठाण्यात नौपाड्यात राहतो, वय ६६. माझी काळी २४ इंची सायकल अजून ठणठणीत आहे. नातू साडेतीन वर्षांचा आहे, त्याला सकाळी उपवनला तळ्यावर न्यावं अशी फार इच्छा आहे. मुलाला मी नळीवरच्या छोट्या सीटवर बसवूनच शाळेत सोडलं होतं. तीच सीट माळ्यावरून काढू का?

उत्तर : काका, इच्छा अगदी पूर्ण करा, फक्त ती सीट माळ्यावरच राहू द्या. तिला पट्टा नाही, पाठ नाही, आणि साडेतीन वर्षांच्या मुलाचे पाय थेट पुढच्या चाकाजवळ लोंबतात. मागच्या चाकात पाय गेला तर सायकल अडते, पुढच्यात गेला तर सायकल जागीच थांबते आणि दोघंही हँडलवरून पुढे फेकले जातात. तुमच्या मुलाच्या वेळी नौपाड्यातून जाताना मागून हॉर्न ऐकू यायचा तो एखाद्या रिक्षाचा, आज एवढ्या गाड्यांत एकदम पाय टेकायची वेळ किती वेळा येते ते तुम्ही रोज बघताच.

मागे चांगली सीट लावायची म्हटली तर अडचण तुमच्या उंच नळीची आहे. आपण आयुष्यभर मागून टांग टाकून चढलो, आता मागे नातू बसलाय, मग टांग टाकणार कुठून? आणि ६६ व्या वर्षी त्या आडव्या नळीवरून पुढून पाय काढताना तोल गेला तर सायकल, नातू आणि तुम्ही तिघंही एका बाजूला. हे मी तुमच्या तब्येतीवर शंका म्हणून लिहीत नाहीये, तिशीतल्या माणसालाही ते जमत नाही.

तर काळी सायकल तुमची तुम्हाला ठेवा, ती विकू नका. नातवासाठी एखादी चांगल्या स्थितीतली जुनी लेडीज सायकल बघा, बसायची सीट एवढी खाली करा की दोन्ही तळपाय जमिनीला पूर्ण टेकतील, मग वर ऐरोलीच्या ताईंना सांगितलं ते सगळं करा. नौपाड्यातून उपवनपर्यंत सगळा रस्ता त्याला बसवून चालवायची गरज नाही. गर्दीचा भाग त्याला सीटवर पट्टा लावून बसवून सायकल हातात धरून चालत पार करा, आणि तळ्याकाठी सकाळी मोकळा रस्ता मिळाला की मग बसा. तो वाटेत झोपला आणि मान एका बाजूला पडली तर थांबायचं, खाली घ्यायचं.

प्रश्न : खारघरला राहतो. बाळ सहा महिन्यांचं आहे. छातीशी बांधायच्या बेबी कॅरिअरमध्ये घेऊन हळूहळू सायकल चालवली तर चालेल का, सेंट्रल पार्कपर्यंतच?

उत्तर : नाही, दादा. हळू चालवली तरी नाही. तुम्ही पडलात तर बाळावर पडाल, आणि सहा महिन्यांच्या मानेला रस्त्याचे दणकेही झेपत नाहीत, हेल्मेटचं वजनही झेपत नाही. बाळ आधाराशिवाय नीट बसायला लागलं पाहिजे, बहुतेक सीट ९ महिन्यांच्या आधी वापरू नका असं सांगतात आणि बरेच बालरोगतज्ज्ञ पूर्ण एक वर्ष थांबायला सांगतात. मी एक वर्षवाल्यांच्या बाजूने आहे. तोपर्यंत बाळाला छातीशी बांधून सेंट्रल पार्कला चालत जा.

प्रश्न : मी सीवूड्सची. सायकलवर मुलांना हेल्मेटचा कायदा आहे का? आणि मुलीचं हेल्मेट सारखं डोळ्यांवर येतं, काय करू?

उत्तर : तुम्ही ज्या नियमाबद्दल ऐकलं असेल तो मोटरसायकलचा आहे. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२२ मध्ये तो जाहीर केला आणि फेब्रुवारी २०२३ पासून लागू झाला. ९ महिने ते ४ वर्षांच्या मुलाला मोटरसायकलवर मागे नेताना सेफ्टी हार्नेस (मुलाला चालवणाऱ्याशी बांधणारे पट्टे), हेल्मेट, आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत. सायकल त्यात येत नाही, पण त्याच नियमात मुलांना ठरलेल्या मानकाचं सायकलचं हेल्मेट चालेल असं म्हटलंय, म्हणजे एकच हेल्मेट दोन्हीकडे वापरता येतं. दंड नाही म्हणून घालायचं नाही असं मात्र करू नका, आणि स्वतःही घाला, तुमचं उघडं डोकं बघून ती तिचं काढूनच टाकणार.

डोळ्यांवर येतंय म्हणजे एकतर माप मोठं आहे नाहीतर मागून काहीतरी ढकलतंय. शिंप्याची टेप भुवयांच्या थोडं वरून डोक्याभोवती फिरवा, जे सेंटीमीटर येतील ते माप घ्या, वाढत्या अंगाचं म्हणून मोठं घेऊ नका. हेल्मेटची कड भुवयांच्या दोन बोटं वर, दोन्ही बाजूंचे पट्टे कानाखाली एकत्र यायला हवेत आणि हनुवटीखाली एक बोट जाईल एवढीच जागा. माप बरोबर असूनही पुढे येत असेल तर तिला सीटवर बसवून बाजूने बघा, हेल्मेटचा मागचा फुगवटा सीटच्या पाठीला टेकून डोकं पुढे ढकलत असणार, मग मागून सपाट असलेलं हेल्मेट घ्यावं लागेल. दुकानात जाण्याआधी एकदा केस मात्र बघा, अंबाडा किंवा वर बांधलेली शेंडी असेल तर तेवढ्यानेही होतं, दोन वेण्या घालून हेल्मेट पुन्हा चढवून बघा.