हुबेहूब मांसासारखे वनस्पतीजन्य पदार्थ इतके महाग का? विकत घ्यावेत की घरी करावेत?

तुमचा प्रश्न असा आहे की वाटाणा किंवा सोयाबीनपासून केलेली पॅटी खऱ्या मांसाच्या पॅटीपेक्षा महाग कशी, ती त्या किमतीला योग्य आहे का, आणि तसंच काही घरी जमेल का. माझं उत्तर: प्रथिनांचे पैसे तुम्ही फार थोडे मोजता, बाकीचे जातात हुबेहूबपणासाठी. तो ज्या पदार्थात तोंडाला जाणवतो तिथेच हे पैसे खर्च करावेत.

हिशेब करून बघा. बाजारातल्या नेहमीच्या ११३ ग्रॅमच्या पॅटीत साधारण २० ग्रॅम प्रथिनं असतात. त्यासाठी ८० टक्के प्रथिनाचं वाटाण्याचं आयसोलेट (म्हणजे स्टार्च आणि तंतू काढून वेगळी केलेली प्रथिनांची पूड) लागतं सुमारे २५ ग्रॅम. सुक्या वाटाण्यात प्रथिन २० ते २५ टक्के, त्यामुळे प्रक्रियेतली गळती धरूनही वाटाणे लागतात सव्वाशे ग्रॅमच्या आसपास. पॅटीचं निम्म्याहून जास्त वजन पाण्याचं असतं. मग महाग काय पडतं?

पहिला खर्च आयसोलेटचा. वाटाण्याचं पीठ पाण्यात कालवून पीएच ८-९ पर्यंत नेतात, तेव्हा प्रथिनं विरघळतात आणि स्टार्च व तंतू वेगळे काढता येतात. मग पीएच ४.५ च्या जवळ आणला की प्रथिनं साकळून खाली बसतात. ती उदासीन करून गरम हवेत फवारून वाळवायची. एवढं पाणी उडवायला ऊर्जा भरपूर लागते. शिवाय एक किलो प्रथिनामागे दोन किलोंहून जास्त स्टार्च आणि तंतू उरतात. त्यांना गिऱ्हाईक मिळालं नाही तर त्यांचा भार प्रथिनाच्या किमतीवर पडतो. सोयाचं गणित वेगळं आहे. तिथे तेल आधीच काढून विकलेलं असतं आणि उरलेल्या पेंडीच्या पिठात ५० टक्के प्रथिन आयतं मिळतं. सोया ग्रॅन्युल्स स्वस्त असण्याचं मुख्य कारण हेच.

दुसरा खर्च पोताचा, आणि खरी गोम इथे आहे. ग्रॅन्युल्स बनवताना पिठात साधारण २०-३० टक्के पाणी घालून ते एक्स्ट्रूडरमधून, म्हणजे पीठ तापवून पुढे ढकलणाऱ्या यंत्रातून, दाबाने बाहेर काढतात. तोंडाशी दाब एकदम उतरतो, पाण्याची वाफ होते आणि माल फुगून स्पंजासारखा होतो. खिम्याला हे चालतं. पण ओढल्यावर धागे सुटणारा चिकनसारखा तुकडा हवा असेल तर पाणी ५० ते ७० टक्के, तापमान साधारण १३० ते १६० अंश सेल्सिअस आणि पुढे एक लांब, थंड ठेवलेली डाय, म्हणजे यंत्राच्या तोंडाशी बसवलेला साचा, लागते. डायच्या भिंतीला लागलेला थर गार होऊन रेंगाळतो, मधला गरम थर पुढे सरकतो, आणि या ओढाताणीत प्रथिनांचे थर एका दिशेने गोठतात. माल १०० अंशांच्या खाली येऊनच बाहेर पडला पाहिजे. तसा आला नाही तर आतलं पाणी वाफ होऊन उसळतं आणि धागे फाटतात. जाड थर सावकाश गार होतो म्हणून यंत्राचा वेग वाढवता येत नाही, आणि महागड्या यंत्रातून तासाला निघणारा माल मर्यादित राहतो. वर हा माल ओला असल्यामुळे कारखान्यापासून दुकानापर्यंत थंडच ठेवावा लागतो. कोरड्या ग्रॅन्युल्सना यातलं काहीच लागत नाही.

तिसरा खर्च रंग आणि वासाचा. कच्चं मांस लाल दिसतं आणि शिजल्यावर तपकिरी होतं, ते मायोग्लोबिन या स्नायूंतल्या लाल प्रथिनामुळे. इम्पॉसिबल फूड्सने २०१६ मध्ये बाजारात आणलेल्या बर्गरमध्ये त्याच कामासाठी लेगहिमोग्लोबिन हे तसलंच वनस्पतीतलं प्रथिन आहे. सोयाबीनच्या मुळांवरच्या गाठींत ते नैसर्गिकरीत्या असतं. त्याचं जनुक घातलेल्या यीस्टकडून कंपनी ते टाक्यांत तयार करून घेते. त्यातला हीम हा लोहयुक्त भाग शिजताना चरबी आणि गंधकयुक्त अमिनो आम्लांवर काम करून मांसाचा वास तयार करतो. बियाँड मीट ही दुसरी कंपनी बिटाचा रंग वापरते. चरबीसाठी साधारण २४ अंशांना वितळणारं खोबरेल द्रव तेलाबरोबर घालतात, म्हणून तव्यावर ती वितळून चुरचुरते.

या सगळ्याचं आकर्षण कोणाला? ज्यांना मांसाची चव आवडते पण खाणं कमी करायचं आहे, त्यांना. त्यांच्यासाठी हा शोध मला मनापासून मोलाचा वाटतो, कारण आवडीचा पदार्थ न सोडता सवय बदलता येते. जन्मभर शाकाहारी असलेल्या अनेकांना मात्र तो ‘रक्ताळ’ रंग नकोसाच वाटतो; त्यांनी त्या रंगाचे पैसे का द्यावेत?

पर्यावरणाचा फायदा खरा आहे. मिशिगन विद्यापीठाच्या २०१८ च्या अभ्यासात (तो बियाँड मीटनेच करवून घेतला होता) बियाँड बर्गरला अमेरिकी बीफच्या पॅटीपेक्षा जमीन ९३ टक्के कमी लागते आणि त्यापायी हरितगृह वायू ९० टक्के कमी सुटतात, असं दिसलं. ऊर्जेची बचत मात्र ४६ टक्केच. वर सांगितलेली प्रक्रिया या आकड्यात दिसते. कोंबडीशी तुलना केली तर हे अंतर बरंच कमी होतं, कारण कोंबडी कमी खाद्यात वाढते. किमतीतही वनस्पतीजन्य चिकनला सगळ्यात कठीण स्पर्धा याच कारणाने आहे.

आरोग्याबाबत लेबल वाचाच. अशा कच्च्या पॅटीत सोडियम बहुधा ३५० ते ४०० मिलिग्रॅम असतं, तेवढ्याच साध्या बीफ खिम्यात सुमारे ७५. पण मांसाला आपण मीठ लावतोच, आणि पाव चमचा मिठात जवळजवळ ६०० मिलिग्रॅम सोडियम येतं. तेव्हा या पॅटीला वरून मीठ लावू नका, म्हणजे फरक फारसा उरत नाही. बी-१२ वरून घातलं आहे का ते बघा, वाटाणा-सोयात ते नसतं. शेंगदाण्याची तीव्र अ‍ॅलर्जी असेल तर वाटाण्याचं प्रथिन खाण्याआधी डॉक्टरांना विचारा.

किंमत ताडून बघताना पाकिटाच्या किमतीला त्यातल्या एकूण प्रथिनांच्या ग्रॅमने भागा. सोया ग्रॅन्युल्स आणि तयार पॅटी यांची अशी तुलना केलीत की हुबेहूबपणाला किती मोजताय ते लगेच कळेल. रस्सा, सॉस, सारण यांत मसाला आणि पातळपणा पोत झाकतात, तिथे ग्रॅन्युल्सच घ्या. नुसती भाजून खायची पॅटी असेल तर तयार माल घ्यायला हरकत नाही. स्टेकसारख्या अख्ख्या तुकड्यांवर सध्या पैसे घालवू नयेत असं मला वाटतं, कारण स्नायू, चरबी आणि शिजताना विरघळणारं कोलॅजन (मांसातलं चिवट, जोडणारं प्रथिन) यांची रचना अजून नीट साधलेली नाही.

घरी पॅटी जमते. किल्ली आहे मिथाइलसेल्युलोज, म्हणजे वनस्पतींच्या तंतूपासून केलेली, मिश्रण बांधून ठेवणारी पूड. ते गार असताना पातळ राहतं आणि ५०-६० अंशांच्या पुढे घट्ट होतं, जिलेटिनच्या बरोबर उलट. पाच पॅटींसाठी १०० ग्रॅम बारीक ग्रॅन्युल्स गरम पाण्यात दहा मिनिटं भिजवा, पिळा, ते पाणी फेकून द्या. सोयाचा उग्र वास बराचसा त्यातच जातो. मग २० मिली सोया सॉस, ५ ग्रॅम यीस्ट एक्स्ट्रॅक्ट, २-३ ग्रॅम बीट पावडर आणि मिरपूड पाण्यात मिसळा. पिळलेल्या ग्रॅन्युल्समध्ये हे एवढंच घाला की भिजलेलं वजन ३०० ग्रॅम भरेल. फ्रिजमध्ये पूर्ण गार करा.

दुसऱ्या भांड्यात १० ग्रॅम मिथाइलसेल्युलोज आधी ४० मिली तेलात कालवा, मग बर्फासारखं गार १५० मिली पाणी ओतून ब्लेंडरने मिनिटभर फिरवा. मेयोनीजसारखं पांढरं, दाट झालं पाहिजे. तासभर फ्रिजमध्ये ठेवा. तेलाशिवाय थेट पाण्यात टाकलंत तर गुठळ्या होतात, कोमट पाण्यात टाकलंत तर ते नीट फुगतच नाही. दोन्ही एकत्र करून ३० ग्रॅम गव्हाचं ग्लूटेन घालून मळा. सगळ्यात शेवटी गोठवून किसलेलं ३० ग्रॅम खोबरेल हलक्या हाताने मिसळा. हाताच्या उबेने ते वितळलं तर चरबीचे कण उरत नाहीत, सगळी पॅटी सारखीच तेलकट लागते. थापून पुन्हा अर्धा तास गार करा, मग मध्यम आचेवर प्रत्येक बाजू चार मिनिटं. खालची बाजू पक्की होईपर्यंत उलथनं लावू नका. पॅटी फुटते ती बहुतेक वेळा इथेच.

मिथाइलसेल्युलोज घेताना खाद्य दर्जाचं, जास्त घट्टपणाचं घ्या. पोट साफ होण्यासाठी विकली जाणारी पूड चालत नाही, तिच्यात बहुधा साखर, आम्ल आणि स्वाद मिसळलेले असतात. हायड्रॉक्सीप्रोपिल मिथाइलसेल्युलोज हा वेगळा पदार्थ आहे. तो जास्त तापमानाला घट्ट होतो आणि पॅटी मऊ राहते. बीट वाढवू नका, नाहीतर शिजल्यावरही आत गुलाबी राहून पॅटी कच्ची वाटते. अशा पॅटीत प्रत्येकी साधारण १५ ग्रॅम प्रथिनं येतात. ती गरमच वाढा, कारण गार झाल्यावर जेल सैल होऊन पॅटी भुसभुशीत लागते; उरलेली खाण्याआधी पुन्हा तव्यावर वाफ येईपर्यंत तापवली की परत घट्ट होते.