वाचकांचे प्रश्न : आर्निसमधील पदव्या, परंपरा आणि सराव

प्रश्न : माझी मुलगी आर्निस ही फिलिपिन्समधील काठीची युद्धकला शिकते. तिच्या प्रशिक्षकांनी एका परदेशी शिक्षकाच्या आठवडाअखेरच्या शिबिरानंतर नावामागे ‘गुरो’ लावायला सुरुवात केली आहे, तर जवळच्याच दुसऱ्या वर्गाच्या फलकावर ‘ग्रँडमास्टर’ असे लिहिलेले आहे. या कलेत पदव्यांची खरी उतरंड कोणती आणि पालकांनी तिच्याकडे किती लक्ष द्यावे?
— एक पालक, ठाणे

उत्तर : फिलिपिन्समधील सर्व युद्धकलांना लागू पडेल अशी एकच उतरंड अस्तित्वात नाही. 11 डिसेंबर 2009 रोजी राष्ट्राध्यक्ष ग्लोरिया मकापगाल आरोयो यांनी स्वाक्षरी केलेल्या कायद्याने आर्निसला त्या देशाची राष्ट्रीय युद्धकला आणि राष्ट्रीय क्रीडाप्रकार ठरवले. एस्क्रिमा, काली, गारोते ही त्याच कलेची अन्य नावे असल्याचेही कायद्यात नमूद आहे आणि ‘पालारोंग पाम्बान्सा’ या शालेय राष्ट्रीय क्रीडा महोत्सवात पहिली स्पर्धा आर्निसची असावी, अशी तरतूदही त्यात आहे. मात्र शिक्षकाला कोणत्या टप्प्यावर काय म्हणावे, याविषयी तो काही सांगत नाही. ते प्रत्येक घराणे आपापले ठरवते.

जुन्या पिढीत तर पदवी हा प्रकारच फारसा नव्हता, कारण शिकवणारा बहुधा घरातला, नात्यातला किंवा शेजारचा वडीलधारा माणूस असे आणि त्याला नात्याच्याच शब्दाने हाक मारली जाई. सेबू प्रांतातील बान्तायान येथे 1904 मध्ये जन्मलेले आंतोनियो इलुस्त्रिसिमो हे विसाव्या शतकातील अत्यंत आदरणीय तलवारबाजांपैकी एक. मनिलातील त्यांचे शिष्य त्यांना अखेरपर्यंत ‘तातांग’, म्हणजे वडील, असेच म्हणत. 1997 मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हाही त्यांची ओळख कोणत्याही पट्ट्याच्या रंगावर अवलंबून नव्हती. कॅलिफोर्नियातील शेतमळ्यांत राबलेल्या फिलिपिनी पिढीतील शिक्षकांना ‘मानोंग’, म्हणजे थोरला भाऊ, म्हणत. काही ठिकाणी स्पॅनिश ‘माएस्त्रो’ चाले.

पदव्यांची गरज निर्माण झाली ती कला अंगणातून क्लबात, क्लबातून स्पर्धेत आणि तिथून परदेशात गेल्यावर. सेबू शहरात 1920 मध्ये लाबांगोन फेन्सिंग क्लब निघाला. तो बंद पडल्यावर 1932 मध्ये सावेद्रा आणि कान्येते कुटुंबांतील जाणकारांनी ‘दोसे पारेस’ ही संस्था उभी केली. 1975 मध्ये राष्ट्रीय संघटना आली आणि 1979 मध्ये सेबूमध्ये मोठी खुली स्पर्धा भरली. स्पर्धा आली की गट आले आणि गट आले की दर्जे ठरवणे भाग पडले. रेमी प्रेसास यांनी ‘मॉडर्न आर्निस’मध्ये ज्युदो आणि कराटेच्या धर्तीवर पट्टे आणले, पण काळ्या पट्ट्याच्या पुरुषाला ‘लाकान’ आणि स्त्रीला ‘दायांग’ ही जुन्या तागालोग अभिजनांची संबोधने दिली. पुढे मोजक्या ज्येष्ठ शिष्यांना त्यांनी ‘दातू’, म्हणजे प्रमुख, केले. त्यांना स्वतःला मात्र बहुतेक जण ‘प्रोफेसर’ म्हणत. पेकिती-तिर्सिया घराण्यात सर्वोच्च शिक्षकाला ‘तुहोन’ म्हणतात आणि ही पदवी मॉडर्न आर्निसमध्ये मिळणारच नाही. म्हणून दोन घराण्यांतील पदव्या शेजारी ठेवून कोण मोठा, हे ठरवणे व्यर्थ आहे.

तुमच्या मुलीच्या प्रशिक्षकांनी घेतलेला ‘गुरो’ हा शब्द मूळचा आपल्याच ‘गुरु’चा आहे, हे खरे, पण आजच्या फिलिपिन्समध्ये प्राथमिक शाळेतील शिक्षिकेलाही गुरोच म्हणतात, त्यामुळे या पदवीला आपल्या मनातील गुरुपदाचे वजन आपोआप देऊ नये. ‘ग्रँडमास्टर’ ही पदवी त्यामानाने अलीकडची असून, एखाद्या पद्धतीचा प्रमुख एवढाच तिचा साधारण अर्थ होतो. वेनान्सियो बाकोन दोसे पारेसमधून बाहेर पडले आणि 1952 मध्ये त्यांनी सेबूतील बालिंतावाक रस्त्याच्या नावाने आपली एककाठी पद्धती सुरू केली; रेमी प्रेसास यांचे धाकटे बंधू एर्नेस्तो यांनी ‘कोंबातान’ उभारले. अशा प्रत्येक नव्या शाखेला प्रमुख असतो, म्हणून ग्रँडमास्टरांची संख्या मोठी दिसते आणि त्यात मुळात लबाडी आहे, असे मला वाटत नाही.

लबाडी होते ती पदवीमागचा काळ लपवला जातो तेव्हा. शिबिराचे प्रमाणपत्र उपस्थितीची साक्ष देते, शिकवण्याचा अधिकार देतेच असे नाही. प्रशिक्षकांना मोकळेपणाने विचारा : ही पदवी कोणी दिली, त्यांच्याकडे तुम्ही किती काळ शिकलात, कोणता भाग शिकवण्याची परवानगी आहे आणि तुम्ही स्वतः आजही कोणाकडे शिकता? कोल्हापुरात मर्दानी खेळाच्या वस्तादाकडे कोणी प्रमाणपत्र मागत नाही, पण तो कोणत्या तालमीचा, हे मात्र आवर्जून विचारले जाते. तोच प्रश्न येथेही योग्य आहे. ज्याला आपल्या शिक्षकाचे नाव सांगताना अडखळावे लागते, त्याच्याकडे मी माझ्या घरातले मूल पाठवणार नाही, मग त्याच्या फलकावर काहीही लिहिलेले असो.

प्रश्न : एका व्हिडिओत एस्क्रिमा ही स्पॅनिश तलवारबाजीची नक्कल असल्याचे सांगितले होते, तर दुसऱ्यात ‘काली’ ही हजारो वर्षांची शुद्ध कला असून स्पॅनिशांनी बंदी घातल्यावर ती नृत्यनाट्यात दडवली गेली, असे होते. खरे काय? आणि आता तीत कराटे, ज्युदो मिसळणे म्हणजे ती भ्रष्ट करणे नव्हे काय?
— महाविद्यालयीन विद्यार्थी, नाशिक

उत्तर : दोन्ही कथा सोप्या आहेत आणि दोन्हींत पुराव्यापेक्षा अभिमान अधिक आहे. 27 एप्रिल 1521 रोजी मॅक्टन बेटावर स्थानिक प्रमुख लापुलापूच्या लोकांनी स्पॅनिश मोहिमेचा नेता मॅगेलन याला ठार केले, ही घटना आंतोनियो पिगाफेत्ता या प्रत्यक्षदर्शीने लिहून ठेवली आहे. तीत बाण आहेत, भाले आहेत, मॅगेलनच्या पायावर बसलेला मोठ्या पात्याचा घाव आहे; पण कोणत्याही युद्धकलेचे नाव किंवा पद्धत नाही. स्पॅनिश येण्यापूर्वी ही माणसे शस्त्र चालवण्यात निपुण होती एवढे त्यातून निर्विवाद दिसते. आजच्या काली वर्गातील सराव तेव्हापासून जसाच्या तसा आला, हे मात्र त्यातून सिद्ध होत नाही.

दुसरीकडे शब्दसंग्रह पाहा. ‘एस्क्रिमा’ हा शब्दच स्पॅनिश ‘एस्ग्रिमा’पासून आलेला. तलवार-खंजीर जोडीला ‘एस्पादा इ दागा’, पंख्यासारख्या मनगटी फटक्याला ‘आबानिको’, लांब, मध्यम आणि जवळच्या पल्ल्याला ‘लार्गो, मेदियो, कोर्तो’. आणि ‘दोसे पारेस’ हे नाव तर शार्लमेन राजाच्या बारा सरदारांवरून घेतलेले, ज्यांच्या कथा स्पॅनिश काव्यांतून आणि ‘कोमेद्या’ नाट्यांतून गावोगाव पोचल्या होत्या. तीनशे वर्षांहून अधिक काळच्या स्पॅनिश सत्तेत शस्त्रविद्येला त्या सत्तेचा स्पर्श झाला नसेल, हे मानणे कठीण आहे. बंदीची आणि नाटकात दडवण्याची कथा लोकप्रिय आहे, पण सेबूचा इतिहास तिला सरळ साथ देत नाही. दक्षिण सेबूत एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पाद्री हुलियान बेर्मेहो यांनी समुद्रावरून येणाऱ्या हल्लेखोरांविरुद्ध किनाऱ्याने टेहळणी बुरुजांची साखळी उभारली आणि रक्षणाला गावकऱ्यांनाच उभे केले. एस्क्रिमाची घडण अशाच किनारी गावांत झाली असावी, असे काही सेबुआनो अभ्यासक मानतात आणि मला ते बंदीच्या कथेपेक्षा अधिक पटते. मात्र नक्कल म्हणणेही अन्यायाचे होईल. उसाच्या मळ्यात वापरायचा बोलो कोयता, वेताची काठी आणि मोकळ्या हाताने समोरच्याचे शस्त्र अडवण्याची सवय यांतून जे घडले, ते स्पॅनिश तलवारबाजीपेक्षा स्पष्टपणे वेगळे आहे.

मिसळण्याचे म्हणाल, तर ते कधी थांबलेच नाही. 1898 नंतर अमेरिकी सत्तेबरोबर मुष्टियुद्ध आले आणि फिलिपिनी मुष्टियोद्ध्यांनी ते आपलेसे केले. 1939 मध्ये मिडलवेट विश्वविजेते झालेले सेफेरिनो गार्सिया ‘बोलो पंच’साठी, म्हणजे बोलो कोयत्याच्या घावासारख्या ठोशासाठी, ओळखले जात. सिरियाको ‘काकोय’ कान्येते यांनी एस्क्रिमात ज्युदो, जुजुत्सू आणि आयकिदोचे पेच जोडून ‘एस्क्रिदो’ रचला आणि हे नावातच उघड ठेवले. कॅलिफोर्नियातील स्टॉक्टन येथे आंखेल काबालेस यांनी 1966 मध्ये सर्वांसाठी खुला वर्ग सुरू केला, तर त्याच गावात वाढलेले, ब्रूस ली यांचे शिष्य डॅन इनोसान्तो अनेक फिलिपिनी शिक्षकांची विद्या एकत्र शिकवू लागले. ‘काली’ हे नाव जगभर रुळले, त्यात या अमेरिकी वर्तुळाचा वाटा मोठा आहे. उलटा प्रवाहही आहे : कराटे किंवा ज्युदो करणाऱ्याने आपली कला न सोडता तीत आर्निस उतरवावे, असा रेमी प्रेसास यांचा आग्रह असे.

त्यामुळे मिसळण्याला मी भ्रष्टता मानत नाही. काल जोडलेला पेच हजार वर्षांचा म्हणून विकणे आणि तो ज्याच्याकडून घेतला त्याचे नाव पुसणे, याला मात्र माझा ठाम विरोध आहे.

प्रश्न : आर्निसमध्ये आधी काठी आणि मग रिकामा हात, असे का? आवरण लावलेल्या काठीने खेळून खरी तयारी होते का?
— एक वाचक, मडगाव

उत्तर : येथे तंत्रापेक्षा प्रहाराचा कोन आधी शिकवतात. बऱ्याच घराण्यांत बारा कोन क्रमांकाने पाठ करून घेतात. काठी, पाते किंवा तळहात, कशानेही आला तरी तिसऱ्या कोनाचा प्रहार तिसराच राहतो आणि बचावही त्याच जातीचा होतो. काठी वेगवान आणि निर्दय असल्यामुळे चूक लगेच कळते, म्हणून सुरुवात तिच्यापासून. साधारण 71 सेंटीमीटरची वेताची काठी पुरते. वेत घासून तंतू सुटतात, पण टोकदार चिरफळ्या सहसा उडत नाहीत, आणि लाकडी काठीत तो धोका असतो. दोन काठ्यांची ‘सिनावाली’ दोन्ही हात सारखे करते. पण ठरलेल्या क्रमाने फार काळ खेळल्यास डोळे आळशी होतात. बालिंतावाकमध्ये त्यावर ‘पालाकाव’ आहे : शिक्षक कोणताही क्रम न सांगता प्रहार करीत राहतो आणि शिष्याने ते येतील तसे हाताळायचे. माझ्या मते संपूर्ण सरावातील सर्वांत मोलाचा भाग हाच.

2019 च्या आग्नेय आशियाई क्रीडा स्पर्धांत आवरणाची आणि उघडी अशा दोन्ही काठ्यांचे गट होते. आवरणाच्या काठीने वेग, अंतर आणि धीर नक्की वाढतो. तोटा एवढाच की मार लागत नसल्याने खेळाडू गुण मिळवण्यासाठी स्वतः फटके खात पुढे घुसतो, जे पात्यासमोर जीवघेणे ठरेल. म्हणून महिन्यातून काही वेळा हातमोजे आणि जाळीचे शिरस्त्राण घालून उघड्या वेताने, कमी वेगात, केवळ समोरच्याच्या शस्त्राच्या हातावर नेम धरून खेळावे. आणि साध्या जोडीच्या सरावातही डोळ्यांवर संरक्षक चष्मा हवाच. सुटलेली काठी कोणाकडे जाईल, ते कोणाच्याही हातात नसते.