सार्वमताआधी घरातले कागद बघा

इंग्लंडमधल्या स्विंडनच्या एका गल्लीतली दोन शेजारची घरं डोळ्यांसमोर आणा. साल २०१६. एका घरात दोन वर्षांपूर्वी पुण्याहून वर्क व्हिसावर आलेलं जोडपं, पासपोर्ट भारतीय. दुसऱ्या घरात दहा वर्षांपूर्वी गोव्याहून आलेलं कुटुंब, पासपोर्ट पोर्तुगीज. युरोपीय संघात राहायचं की बाहेर पडायचं यावर ब्रिटनमध्ये २३ जूनला सार्वमत झालं. निकालाची झळ लागणार होती गोव्याच्या घराला आणि मताचा हक्क होता पुण्याच्या घराला.

हे उफराटं वाटलं तरी कायदा तसाच होता. त्या सार्वमतासाठी २०१५ साली जो खास कायदा झाला, त्यात ब्रिटिश, आयरिश आणि ब्रिटनमध्ये कायदेशीर राहणाऱ्या राष्ट्रकुल देशांच्या नागरिकांना मत दिलं होतं. भारत राष्ट्रकुलात आहे, पोर्तुगाल नाही. म्हणून पोलिश, फ्रेंच आणि पोर्तुगीज पासपोर्टवाले गोंयकार बाहेर राहिले आणि स्टुडंट व्हिसावरचा नागपूरचा मुलगा आत आला. वयाची अट १८.

स्कॉटलंडमध्ये १८ सप्टेंबर २०१४ ला स्वातंत्र्याचं सार्वमत झालं तेव्हा नियम वेगळे होते. तिथे सोळा वर्षांच्या मुलांना मत होतं आणि युरोपीय नागरिकांनाही. त्यामुळे एडिंबरातल्या एखाद्या मराठी घरातली सोळा वर्षांची मुलगी २०१४ मध्ये मत देऊन आली असेल आणि पुढे २०१६ मध्ये सोळा वर्षांचा झालेला तिचा भाऊ घरी बसला असेल. प्रत्येक सार्वमताचा कायदा वेगळा, मतदार वेगळे. ‘मागच्या वेळी मला मत होतं’ हा पुरावा नव्हे. पुन्हा कधी असा प्रश्न लोकांसमोर आला, तर आधी त्या कायद्यातली मतदारांची व्याख्या वाचा आणि मगच घरात वाद घाला.

मतदार नोंदणीला पाच मिनिटं पुरतात. सरकारी संकेतस्थळावर नाव, पत्ता, जन्मतारीख, राष्ट्रीयत्व आणि नॅशनल इन्शुरन्स नंबर (नोकरी-करासाठी सरकार देतं तो क्रमांक) द्यायचा. नुकतेच आला असाल आणि नंबर मिळाला नसेल तरी अर्ज करता येतो, फक्त कौन्सिल, म्हणजे तिथली पालिका, दुसरी कागदपत्रं मागते. राष्ट्रीयत्वाच्या रकान्यात सरळ ‘भारतीय’ लिहा. नोंदणीची मुदत मतदानाआधीच्या बाराव्या कामकाजाच्या दिवशी मध्यरात्री संपते. २०१६ मध्ये ती ७ जूनला होती. शेवटच्या रात्री एवढी झुंबड उडाली की संकेतस्थळ बंद पडलं आणि सरकारला मुदत ९ जूनपर्यंत वाढवावी लागली. दर वेळी अशी सवलत मिळेल या भरवशावर राहू नका.

दोन शंका नेहमी निघतात. मत दिल्याने भारतीय नागरिकत्व जातं का? नाही. १९५५ च्या नागरिकत्व कायद्यानुसार ते जातं दुसऱ्या देशाचं नागरिकत्व स्वेच्छेने घेतल्यावर. तिथल्या मतदार यादीत नाव असण्याने नाही. दुसरी शंका: सहा महिन्यांसाठी आलेल्या आई-बाबांचीही नोंदणी करून टाकावी का? करू नका. नोंदणीला वास्तव्य लागतं आणि पाहुणा म्हणून आलेला माणूस इथला रहिवासी नसतो. अर्जात खोटी माहिती देणं हा गुन्हा आहे. विद्यार्थ्यांचं मात्र वेगळं: कॉलेजचा आणि घरचा असे दोन्ही पत्ते नोंदवता येतात, पण सार्वमतात मत एकच.

संसदेच्या निवडणुकीला आता मतदान केंद्रावर फोटो असलेलं ओळखपत्र लागतं. पुढच्या सार्वमतालाही लागेल असं धरून चाला. भारतीय पासपोर्ट चालतो, कारण मान्य ओळखपत्रांत राष्ट्रकुल देशांचे पासपोर्ट आहेत. मुदत संपलेला असला तरी चालतो, फक्त फोटो तुमच्यासारखा दिसायला हवा. आधार कार्ड आणि ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांचं) चालत नाहीत. चालणारं ओळखपत्र काहीच नसेल तर कौन्सिल फुकट मतदार प्रमाणपत्र देते; त्याचा अर्ज मतदानाआधीच्या सहाव्या कामकाजाच्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत.

आपल्याकडे अडतं ते नावाशी. लग्नानंतर पासपोर्ट माहेरच्या नावाचा राहिलेला, मतदार यादीत मात्र सासरचं आडनाव, ही जोडी मराठी घरांत फार. किरकोळ फरक कर्मचारी सोडून देतात, आख्खं आडनाव वेगळं असेल तर अडवतात. विवाहाचा दाखला सोबत ठेवा. त्याहून बरं म्हणजे नोंदणी करतानाच पासपोर्टवरचं नाव जसंच्या तसं लिहा. वडिलांचं किंवा नवऱ्याचं मधलं नाव पासपोर्टवर असेल तर यादीतही असू द्या.

टपाली मत बाद होतं ते बहुधा साध्या चुकांमुळे. पाकिटं दोन असतात. मतपत्रिका आतल्या पाकिटात घालायची. मग ते पाकीट आणि सही-जन्मतारखेचा वेगळा कागद असं दोन्ही बाहेरच्या पाकिटात. जन्मतारखेच्या जागी लोक सवयीने त्या दिवसाची तारीख लिहून मोकळे होतात. नवरा-बायको एकाच टेबलावर बसतात आणि एकमेकांच्या कागदावर सह्या करतात. आणि सहीचं म्हणाल तर अर्जावर देवनागरीत केली असेल तर कागदावरही देवनागरीतच करा; दोन्ही सह्या ताडून पाहतात. रात्री दहाच्या आत पोचलेली मतंच मोजतात.

मतदानाच्या दिवशी भारतात असणार असाल तर टपालाच्या भानगडीत पडूच नका. लंडनहून निघालेली मतपत्रिका सांगलीला पोचून परत यायला दिवस पुरत नाहीत. त्यापेक्षा प्रॉक्सी नेमा, म्हणजे तुमच्या वतीने केंद्रावर जाणारा माणूस. तो स्वतः त्या मतदानासाठी पात्र हवा आणि त्याने ओळखपत्र स्वतःचं न्यायचं, तुमचं नाही. प्रॉक्सीच्या अर्जाची मुदत सहावा कामकाजाचा दिवस, टपाली मताची अकरावा. दोन्ही संध्याकाळी पाचला संपतात.

आता प्रत्यक्ष वादविवाद. २०१६ मध्ये दोन्ही बाजूंनी आकडे फेकले आणि दोन्हीकडचे आकडे एकाच पद्धतीने फसवे होते: संख्या बरोबर, पण ती कशाची हे झाकलेलं. बाहेर पडा म्हणणाऱ्यांच्या लाल बसवर आठवड्याला ३५ कोटी पौंड लिहिले होते. ब्रिटनला मिळणारी सूट त्यातून वजा केलेली नव्हती. ती रक्कम मुळात ब्रिटनबाहेर जातच नव्हती. ती काढली की आकडा २५ कोटींच्या आसपास येतो, आणि शेतकरी व विद्यापीठांकडे परत येणारा पैसा धरला तर आणखी खाली. राहा म्हणणाऱ्या अर्थखात्याने सांगितलं, दर कुटुंबाचं वर्षाला ४,३०० पौंडांचं नुकसान. हा कुणाच्या पगारातला कट नव्हता. २०३० मध्ये देशाचं उत्पन्न एरवीपेक्षा किती कमी वाढलेलं असेल याचा अंदाज काढून त्याला कुटुंबांच्या संख्येने भागलं होतं. व्हॉट्सअॅपवर असा आकडा आला की तीन गोष्टी विचारा: ढोबळ की निव्वळ, किती काळाचा, आणि कशाशी तुलना करून. तिन्हींची उत्तरं नसतील तर पुढे पाठवू नका, मग तो आपल्या बाजूचा का असेना.

आपल्या लोकांना उद्देशून झालेल्या प्रचाराकडे जास्त बारकाईने बघावं असं आमचं मत. बाहेर पडा म्हणणाऱ्या मंत्री प्रीती पटेल यांनी तेव्हा मांडलं की युरोपातून येणाऱ्यांची मोकळीक थांबली तर दक्षिण आशियातून आचारी आणता येतील, करी हाउसं वाचतील. युक्तिवाद अगदीच पोकळ नव्हता. १ जानेवारी २०२१ ला गुणांवर आधारलेली व्हिसा पद्धत आली, किमान पगाराची अट ३०,००० वरून २५,६०० पौंडांवर उतरली आणि भारतीयांना दार उघडलं. पण एप्रिल २०२४ मध्ये तीच अट ३८,७०० वर गेली, आणि जुलै २०२५ पासून वर्क व्हिसा साधारणपणे पदवीच्या पातळीच्या कामांपुरता उरला. आचाऱ्याचं काम त्यातून बाहेर पडलं. संघातून बाहेर पडल्याने सरकारला नियम ठरवायची मुभा मिळते. ती मुभा पुढचं सरकार कशी वापरेल याची हमी प्रचारसभेतला कुणीच देऊ शकत नाही.

मंडळांनीही जपून राहावं. मंडळ धर्मादाय संस्था म्हणून नोंदलेलं असेल तर गणपतीच्या व्यासपीठावरून ‘अमुक बाजूला मत द्या’ हे सांगणं अंगाशी येऊ शकतं. दोन्ही बाजूंचे वक्ते बोलावून चर्चा ठेवा, नोंदणीचं टेबल लावा, ते चालतं. प्रचारावर १०,००० पौंडांच्या वर खर्च करायचा असेल तर निवडणूक आयोगाकडे नोंदणी करावी लागते, आणि नोंदणीकृत प्रचारकाला ५०० पौंडांपेक्षा मोठी देणगी द्यायची तर देणारी व्यक्ती इथल्या मतदार यादीत असावी लागते. पुण्याच्या काकांचे पैसे प्रेमाने परत करा.

निकालानंतरच्या दिवसांत रस्त्यावर शिवीगाळ, धमकी असे प्रकार वाढतात. वंश किंवा धर्मावरून झालेल्या गुन्ह्यांच्या नोंदी इंग्लंड आणि वेल्समध्ये जुलै २०१६ मध्ये आदल्या जुलैपेक्षा ४१ टक्क्यांनी जास्त होत्या. वेळ, जागा, बसचा नंबर, बोललेले शब्द लगेच लिहून ठेवा. तातडीचं नसेल तर १०१ वर कळवा, जिवावरचं असेल तर ९९९. मुलांना शाळेत कुणी काही बोललं असेल तर वर्गशिक्षकांना लेखी द्या, तोंडी सांगून भागत नाही.

पैशांचं थोडक्यात. निकालाच्या रात्री पौंड दीड डॉलरवरून १.३३ च्या खाली आला, १९८५ नंतरचा नीचांक. रुपयाच्या हिशेबातही घसरला. भारतात घराचे हप्ते चालू असतील तर मतदानाआधी तीन-चार हप्त्यांचे रुपये एनआरई खात्यात (परदेशस्थ भारतीयांचं भारतातलं रुपयांचं खातं) ठेवा. वर जाईल की खाली यावर जुगार खेळू नका. मतदान संपल्यावरही सट्टेबाजारवाले ‘राहणार’ म्हणूनच पैसे लावत होते.

आणि शेवटी कागद, ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं. निकाल लागला म्हणून दुसऱ्या दिवशी कुणाचा व्हिसा बदलत नाही. ५१.९ विरुद्ध ४८.१ टक्क्यांचा निकाल २४ जून २०१६ ला आला. बाहेर पडत असल्याची नोटीस संघाला २९ मार्च २०१७ ला गेली. ब्रिटन बाहेर पडला ३१ जानेवारी २०२० ला. आणि युरोपीय नागरिकांची मोकळी ये-जा संपली ३१ डिसेंबर २०२० ला. मधली साडेचार वर्षं कागद जमवायची होती. ज्यांनी पगाराच्या चिठ्ठ्या, कौन्सिल टॅक्सची बिलं, डॉक्टरकडची नोंद वर्षवार लावून ठेवली त्यांचं काम सोपं झालं. रोखीने पगार घेणारे आणि नातेवाइकांच्या नावावरच्या खोलीत राहणारे अडकले.

पोर्तुगीज पासपोर्टवरच्या गोव्याच्या कुटुंबांनी ब्रिटनमध्ये राहण्याचा हक्क टिकवायला युरोपीय नागरिकांसाठीच्या योजनेत ३० जून २०२१ पर्यंत अर्ज करायचा होता. पाच वर्षं सलग राहिलेल्यांना सेटल्ड स्टेटस, म्हणजे कायम राहण्याचा हक्क; कमी राहिलेल्यांना प्री-सेटल्ड, म्हणजे तात्पुरता. या फरकाकडे अजूनही दुर्लक्ष होतं. ब्रिटनमध्ये जन्मलेल्या बाळाच्या आई-वडिलांपैकी एकाकडे सेटल्ड स्टेटस असेल तर बाळ जन्मतःच ब्रिटिश. दोघंही प्री-सेटल्ड असतील तर नाही, आणि मग बाळासाठी तीन महिन्यांच्या आत वेगळा अर्ज करावा लागतो. जोडीदार भारतीय पासपोर्टवर असेल तर लग्नाची तारीख बघा. २०२० संपण्याआधी नातं असेल तर याच युरोपीय योजनेतून येता येतं. नातंच त्यानंतरचं असेल तर सर्वसाधारण पती-पत्नी व्हिसा, ज्यासाठी एप्रिल २०२४ पासून वर्षाला २९,००० पौंडांचं उत्पन्न दाखवावं लागतं.

मताचं म्हणाल तर पोर्तुगालशी ब्रिटनचा करार असल्याने या कुटुंबांना स्थानिक निवडणुकीत मत आहे. संसदेच्या निवडणुकीत नाही.

सेटल्ड किंवा प्री-सेटल्ड स्टेटसचं कार्ड नसतं, सगळं ऑनलाइन. घरमालकाला किंवा कंपनीला स्टेटस तपासता यावं म्हणून शेअर कोड काढून द्यायचा, तो ९० दिवस चालतो. कामासाठीचा कोड डब्ल्यूने सुरू होतो, भाड्यासाठीचा आरने. एकाच्या जागी दुसरा चालत नाही. पासपोर्ट नवा काढला की पहिल्या दिवशी त्याचा नंबर आपल्या ऑनलाइन खात्यात जोडा. जुनाच नंबर राहिला तर मोपा किंवा दाबोळीच्या काउंटरवर विमान कंपनीच्या संगणकाला तुमचं स्टेटस दिसत नाही, आणि समोरच्या माणसाला सार्वमत, करार, मुदत यातलं काहीही समजावून सांगेपर्यंत विमानाचं दार बंद होतं.