सरंजामदार की दायाद?

कोथरूडच्या एका वाचकाने विचारले आहे: पैसेवाली घराणी पिढ्यानपिढ्या सत्ता धरून असतात, त्याला ‘सरंजामशाही’ म्हणावे की ‘धनिकशाही’?

सरंजामशाही मुळीच म्हणू नका! निवडणुका आल्या की वाहिन्यांवरच्या चर्चांत हा शब्द इतका ऐकू येतो की कान किटतात. सरंजाम मूळ फारसी. पूजेचा सरंजाम, लग्नाचा सरंजाम आपण म्हणतो, तो साहित्य-सामग्रीचा अर्थ सर्वांना ठाऊक आहे. मराठेशाहीत फौज बाळगण्यासाठी मुलखाचा महसूल लावून देत, तोही सरंजामच. म्हणजे चाकरीचा मोबदला, आणि सरकारला परत घेता येणारा. उत्तर पेशवाईत तो बापामागून मुलाकडे चालू लागला, हे खरे. पण म्हणून युरोपातल्या ‘फ्यूडलिझम’वर हा शब्द डकवणाऱ्या परिभाषाकारांची चूक माफ होत नाही. आजच्या वापरात त्यातली चाकरीची अट पार पुसली गेली आहे.

नेमका शब्द आपल्याकडे केव्हाचा आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावावर असलेल्या, मराठेशाहीच्या राजनीतीवरच्या ‘आज्ञापत्रा’त वतनदारांना राज्याचे ‘दायाद’ म्हटले आहे. काय शब्द आहे! दाय म्हणजे वडिलोपार्जित वाटा. दायाद म्हणजे तो वाटा घेणारा, भाऊबंद. जीमूतवाहनाच्या ‘दायभाग’ या वारसाहक्कावरच्या संस्कृत ग्रंथातला दाय तोच. वतनदार राजाचा नोकर नव्हे, मिळकतीतला वाटेकरी, आणि वाटेकऱ्याला दुसऱ्याचे हात बळकट झालेले खपत नाहीत, हे त्या एका शब्दात आले.

आता आजचे पाहा. लोकसभेच्या उमेदवाराला महाराष्ट्रात 95 लाखांची खर्चमर्यादा, विधानसभेला 40 लाखांची; पक्षाच्या खर्चाला मर्यादाच नाही. 2018 साली आलेल्या निवडणूक रोख्यांत देणगीदाराचे नाव मतदारापासून झाकलेले होते. सर्वोच्च न्यायालयाने 15 फेब्रुवारी 2024 रोजी ती योजना घटनाबाह्य ठरवली. असा देणगीदार निवडणुकीला उभा राहत नाही, मत मागत नाही, त्याला कोणी पाडू शकत नाही, आणि धोरण ठरताना त्याचा वाटा मात्र धरलेला असतो. सरंजामदाराला निदान घोडी-माणसे घेऊन मोहिमेवर जावे लागे. याला कसली चाकरी?

वतने 1950 नंतर कायद्याने एकेक करून गेली. दायाद राहिले.

‘धनिकशाही’ चालेल. पण त्यातून राज्य कोणाचे एवढेच कळते, कोणत्या नात्याने ते कळत नाही. मी ‘दायादशाही’ लिहितो, तुम्हीही लिहा.