मुलांच्या भुताच्या ॲनिमेशनपटासाठी बक्षिसं वाटतात, त्यात जाहिरातीपलीकडे काही असतं का?

बहुतेक वेळा नसतं. नाव-पत्ता भरा, चिठ्ठी निघाली तर तिकीट नाहीतर टी-शर्ट. पण तुमच्या प्रश्नाला 'असतं' असं उत्तर देणारी दोन उदाहरणं मला मनापासून आवडतात. दोन्ही अमेरिकेतल्या ओरेगन राज्यातल्या लायका या स्टुडिओची.

पहिलं 'कोरलाइन'चं, 2009 सालचं. हा स्टॉप-मोशन सिनेमा, म्हणजे बाहुली किंचित हलवायची, फोटो घ्यायचा, पुन्हा हलवायची. पडद्यावरच्या एका सेकंदाला 24 चित्रं लागतात. त्यातल्या बाहुल्यांचे इवलेसे स्वेटर आल्थिया क्रोम या कलावतीने अतिशय बारीक सुयांवर खरोखर विणले होते. आता इतक्या हातकामाची जाहिरात नुसत्या पोस्टरने कशी व्हावी? ओरेगनमधल्याच पोर्टलंड शहरातल्या वायडन + केनेडी या जाहिरातसंस्थेने हाताने बनवलेल्या 50 पेट्या ब्लॉग लिहिणाऱ्या 50 जणांना पाठवल्या. एकीसारखी दुसरी नाही. पेटी उघडताच सिनेमा कसा घडला हे हातात यायचं, समजावून सांगायची गरजच नाही.

दुसरं 'पॅरानॉर्मन', 2012. माझ्या मते हे त्याहून सरस. नॉर्मनला मेलेली माणसं दिसतात, म्हणून गावातली पोरं त्याला विचित्र ठरवून छळतात. बक्षीस होतं नायकीचे खास बूट, अंधारात चमकणाऱ्या तळव्यांचे. आणि ते मिळवायचे कसे, तर आपण लहानपणी किती विचित्र होतो त्याचा फोटो ट्विटरवर टाकायचा, 'वीअर्डविन्स' हा हॅशटॅग लावून! ज्या गोष्टीवरून शाळेत चिडवलं गेलं, तीच इथे अभिमानाने चारचौघांत मांडायची. सिनेमा हेच तर सांगतो. शाळेत एकटं पडणाऱ्या मुलांबद्दल मला फार वाटतं, म्हणून मला या कल्पनेचं मोल जास्त वाटत असेल. पण घाबरवणारा सिनेमा मुलांना दाखवावा की नाही अशा विचारात पडलेल्या आईवडिलांनाही त्या फोटोंतून कळलं असणार, की यातलं खरं भय भुतांचं नाही, माणसांच्या वागण्याचं आहे.

बूटच का, असंही वाटेल. नायकीचे सहसंस्थापक फिल नाइट हेच लायकाचे मालक आणि त्यांचे चिरंजीव ट्रॅव्हिस नाइट स्टुडिओचे प्रमुख. घरचाच माल, पण वापरला डोकं लावून.

'कोरलाइन'च्या वेळीही बक्षीस म्हणून नायकीचे बूट होतेच. ते जिंकायच्या स्पर्धेत लागणारा सांकेतिक शब्द मात्र श्रेयनामावली पूर्ण संपल्यावर पडद्यावर यायचा. म्हणजे बाहुल्या घडवणाऱ्या, कपडे शिवणाऱ्या, दिवे लावणाऱ्या सगळ्यांची नावं सरकून जाईपर्यंत जो खुर्चीत बसून राहील, त्यालाच तो सापडणार. सिनेमा मिळाला तर तुम्हीही शेवटपर्यंत थांबा. तो शब्द अजून तिथे आहे.