कपाटातली भुतं : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात जुन्या हॉरर पिक्चरच्या पोस्टरांवर दोन पानं काय लिहिली, एवढी पत्रं आणि मेल आले की संपादक म्हणाले आता तूच निस्तर. तर निस्तरतोय. नावं सगळ्यांनी टोपणच दिलीयत, का ते आपण समजू शकतो.

‘वीराना’चं ओरिजिनल पोस्टर म्हणून ऑनलाइन साडेचार हजाराला घेतलं. मित्र म्हणतो डुप्लिकेट आहे. त्याला यातलं काही कळत नाही, पण तेव्हापासून माझी झोप उडालीय. ओळखायचं कसं?
*— झोप उडालेला, नाशिक*

आधी ते पोस्टर जमिनीवर पसरा, डोळे मिटा आणि घडीवरून बोट फिरवा. थट्टा नाही करत. ‘वीराना’ १९८८ चा, त्या काळात पोस्टरं घडी घालूनच थेटरात पोचायची, गुंडाळी करून नळकांड्यात घालायचे लाड कोणी करत नव्हतं. त्यामुळे खऱ्या पोस्टरला घड्या असणारच, आणि तीसपस्तीस वर्षं घडीत पडलेल्या कागदाला बोटाखाली उंचवटा लागतो, तिथली शाई तडकून पांढरा कागद दिसायला लागलेला असतो, जिथे उभी आणि आडवी घडी एकमेकीला छेदतात तिथे तर हमखास बारीक भोक पडलेलं असतं. आता गंमत अशी की डुप्लिकेटवाले खऱ्या पोस्टरचा स्कॅन काढून छापतात, त्यामुळे घडीसुद्धा छापून येते! डोळ्याला दिसते, बोटाला लागत नाही. माझ्याकडे असं एक आहे, त्यावर छापलेली घडी आहे, छापलेला चहाचा डाग आहे आणि छापलेली फाटलेली कड आहे, कागद मात्र कालच्या लग्नपत्रिकेसारखा गुळगुळीत. मीच घेतलंय ते, पैसे मोजून. त्यामुळे लाज वाटून घेऊ नका.

बोटाने समाधान नाही झालं तर घड्याळजी डोळ्याला लावतात तसलं भिंग आणा, दहा पटीचं असलं की झालं. पोस्टरच्या तळाला बारीक अक्षरात नावं असतात, प्रेसचं नाव पण बरेचदा तिथेच कोपऱ्यात असतं, ती अक्षरं बघा. ऑफसेटवर छापलेल्या खऱ्या पोस्टरात ती अक्षरं सलग, भरीव शाईची दिसतात, आणि चेहऱ्यांच्या जागी रंगांचे ठिपके नीट शिस्तीत बसलेले असतात, छोट्या फुलांसारखे. स्कॅनवरून छापलेल्यात अक्षरंसुद्धा ठिपक्यांची होतात आणि कडा विस्कटतात. इंकजेटचं असेल तर ठिपक्यांना शिस्तच नसते, रंगपंचमीला शर्टावर शिंतोडे उडाल्यासारखं दिसतं.

मापही घ्या. आपल्याकडचं नेहमीचं पोस्टर साधारण ३० बाय ४० इंचांचं, इंचभर इकडेतिकडे चालतं. तुमचं १२ बाय १८ निघालं तर भिंग आणायचे पैसे वाचवा. अजून एक भानगड असते, पिक्चर पुन्हा लागला की पोस्टर पुन्हा छापायचे, ते डुप्लिकेट नव्हे पण पहिल्या रिलीजचंही नव्हे, आणि विकणारा हे आपणहून सांगत नाही. मित्राला मात्र भिंग देऊ नका, तो त्याचं मत बदलणार नाही.

नवऱ्याने बेडखाली चाळीसेक पोस्टरं आणि दोन रबरी मुखवटे ठेवलेत. पावसाळ्यात वास येतो. सासूबाई म्हणतात घरात असलं ठेवू नये, अशुभ असतं. मुलगी रात्री पाणी प्यायला उठत नाही. काय करू?
*— वैतागलेली, डोंबिवली*

ताई, वास भुताचा नाही, बुरशीचा आहे, आणि ती खरंच अशुभ आहे, तेव्हा सासूबाईंचं निम्मं बरोबर आहे. बेडखालची जागा म्हणजे फरशीची ओल, धूळ आणि कसर या तिघांचं माहेर. कसर म्हणजे तो चंदेरी, माशासारखा सुळकन पळणारा किडा, त्याला जुना कागद आणि त्यावरची खळ फार आवडते.

यजमानांना सांगा की चित्रकलेच्या सामानाच्या दुकानात ए-झिरो मापाचं पोर्टफोलिओ फोल्डर मिळतं, त्यात ३० बाय ४० चं पोस्टर न दुमडता मावतं. मध्येमध्ये ॲसिड-फ्री कागद घालायचा, वर्तमानपत्र नाही, वर्तमानपत्र स्वतः पिवळं पडतं आणि शेजाऱ्यालाही पाडतं. सिलिका जेलच्या पुड्या टाकायच्या आणि पावसाळ्यात त्या बदलायच्या. डांबरगोळ्या ठेवायच्याच असतील तर फोल्डरच्या बाहेर, कागदाला चिकटवून नाही. फोल्डर कपाटाच्या मागे सरकवता येतं पण ते बाथरूमच्या भिंतीला लागून नको. सेलोटेप लावलेली दिसली तर ओढून काढायला जाऊ नका, टेपबरोबर निम्मा चेहरा येतो.

आणि लॅमिनेशन तर अजिबात करू देऊ नका. १९९८ ला मी एका पोस्टरचं केलं होतं, दुकानदार म्हणाला साहेब आयुष्यभर टिकेल, आणि टिकलं की, आतला कागद तपकिरी झाला, फुगे आले आणि आता तो प्लास्टिक सोडायला तयार नाही. भिंतीवर लावायचंच तर एखादंच लावा, फ्रेममध्ये काच कागदाला टेकू द्यायची नाही, मध्ये माउंट म्हणजे जाड पुठ्ठ्याची चौकट घालायची, आणि ऊन येत नाही अशा भिंतीवर. मुलीच्या खोलीकडे जायच्या वाटेवर नको एवढं त्यांना कळायला हवं होतं. मुखवटे एकमेकांवर दाबून ठेवले तर रबर चिकटतं, आत कागदाचे बोळे भरून वेगवेगळे ठेवा. पण ते बोळे मुलीला भरू द्या. आतून मुखवटा पोकळ असतो हे एकदा हात घालून बघितलं की भीती निम्मी होते, आमच्या घरी झाली.

‘वीराना’, ‘पुराना मंदिर’वाल्या रामसे बंधूंचं एवढं कौतुक कशाला? मेकअप बघून हसू येतं, कथा एकच, आणि मध्ये ती कॉमेडी. नॉस्टॅल्जियाच्या नावाखाली काहीही खपवायचं का?
*— सरळ बोलणारा, सोलापूर*

कॉमेडीवर मी तुमच्या बाजूने आहे. ‘पुराना मंदिर’मध्ये मध्येच जगदीपची ‘शोले’ची नक्कल सुरू होते तेव्हा आमचं अख्खं बाल्कनी वडे आणायला बाहेर जायचं.

बाकी ऐका. फतेहचंद रामसिंघानी फाळणीनंतर कराचीहून मुंबईला आले, धंदा रेडिओचा, रामसिंघानीचं रामसे झालं. पिक्चरमध्ये पैसे घातले आणि बुडाले. १९७० ला ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ आला, पृथ्वीराज कपूर होते, तरी पडला. पण थेटरात बसून बघताना तुलसी आणि श्याम या मुलांच्या लक्षात आलं की एका सीनला पब्लिक हलत नाही, त्यात पृथ्वीराज भयानक मुखवटा घालून चोरी करायला येतो. मग हाच सीन अख्खा पिक्चरभर का नको? यातून १९७२ चा ‘दो गज जमीन के नीचे’ झाला, शूटिंग आपल्या महाबळेश्वरला. सात भाऊ, कोणी कॅमेरा, कोणी साउंड, कोणी एडिटिंग, आणि हे सगळं शिकले कुठे तर वडिलांनी पोरांना काश्मीरला हाउसबोटीवर नेलं आणि सिनेमॅटोग्राफीवरचं एक इंग्रजी पुस्तक पुढ्यात टाकलं. घरचंच युनिट, घरचाच स्वयंपाक. मला हे महाबळेश्वरला गेलेल्या एखाद्या मोठ्या एकत्र कुटुंबासारखं वाटतं, फक्त यांच्या सामानात थडगं होतं.

आणि ‘पुराना मंदिर’मधला तो राक्षस सामरी झालेला अनिरुद्ध अगरवाल, रुरकीचा शिकलेला इंजिनियर! त्याचा चेहरा आणि उंची बघून मेकअपवाल्याचं निम्मं काम आधीच झालेलं. तुम्हाला हसू येतं ते बरोबरच आहे, मलाही येतं, पण १९८४ ला ते पोस्टर आमच्या एसटी स्टँडसमोरच्या भिंतीवर लागलं तेव्हा मी आठवडाभर लांबच्या रस्त्याने शाळेत गेलो होतो, आणि आज तेच कपाटात आहे. कौतुक त्या लांबच्या रस्त्याचं आहे. पिक्चर चांगला आहे असं मी कुठे म्हणालो?

परदेशात पंचवीस-तीस डॉलरला मिळणारी हॉरर फिगर, म्हणजे पिक्चरमधल्या पात्राचा छोटा पुतळा, इथल्या दुकानात डबल-तिप्पट किमतीला का?
*— खिसा रिकामा, पिंपरी*

सरकारी कागदावर तुमचा खुनी मुखवटेवाला म्हणजे ‘खेळणं’ आहे म्हणून. खेळण्यांवरची कस्टम ड्युटी २०२० ला २० टक्क्यांवरून ६० झाली, २०२३ ला ७०, शिवाय २०२१ पासून खेळण्यांना भारतीय मानक ब्युरोचा, म्हणजे बीआयएसचा शिक्का लागतो. दुकानदाराचा नफा त्याच्याही वर. माझा सल्ला असा की एकच घ्या पण आवडीची घ्या, आणि डबा उघडा. डबा न उघडता दहा वर्षं ठेवून विकू असं म्हणणारे चार जण मला माहीत आहेत, चौघांकडेही डबे अजून आहेत.

‘झपाटलेला’मधला ओरिजिनल तात्या विंचू विकत मिळेल का? एक जण ‘शूटिंगमधला’ म्हणून विकतोय.
*— ओम फट् स्वाहा, ठाणे*

नाही हो. १९९३ च्या पिक्चरमधला बाहुला शब्दभ्रमकार रामदास पाध्यांचा, म्हणजे अर्धवटराववाल्या घरातला. तो बाहुला म्हणजे नुसती बाहुली नाही, आतून तोंड, डोळे, मान हलवायची सगळी यंत्रणा आहे, ते त्यांच्या घराण्याचं काम. असली वस्तू कोणी व्हॉट्सॲपवर ‘अर्जंट सेल’ लिहून विकत नाही. त्या माणसाला एवढंच म्हणा की बाहुल्याच्या पाठीचा आणि मानेच्या आतला फोटो पाठव. पाठवला तर मला पण फॉरवर्ड करा.

माझे वडील आमच्या तालुक्याच्या टॉकीजमध्ये ऑपरेटर होते. टॉकीज पाडली. घरी एक लोखंडी ट्रंक आहे, त्यात शो-कार्डं (थेटरात लावायची पिक्चरच्या फोटोंची कार्डं), फोटो, गाण्यांच्या चोपड्या, भुतांच्या पिक्चरची बरीच पोस्टरं. काहींवर टॉकीजचा शिक्का आणि ‘आज ३, ६, ९’ असं पेनने लिहिलंय, ते पुसून घेऊ का? एक जण सगळ्याचे आठ हजार देतो म्हणतोय.
*— ऑपरेटरचा मुलगा, कराडजवळून*

हे पत्र वाचून मी दोनदा चहा केला. आठ हजाराला देऊ नका आणि काहीही पुसू नका! खोडरबर, ओला कपडा, इस्त्री, सगळं घरात लपवून ठेवा. तुम्हाला जो डाग वाटतोय तोच तर पुरावा आहे. कोऱ्या करकरीत पोस्टरवर मला नेहमी संशय येतो, पण ‘आज ३, ६, ९’ लिहिलेलं पोस्टर कुठल्या तरी गावात, कुठल्या तरी भिंतीवर खरंच लागायला तयार झालं होतं. मागच्या बाजूला वाळलेली खळ असेल तर तीही राहू द्या.

किमतीचं म्हणाल तर डोक्यात लाखांचे आकडे नकोत. १९३२ च्या ‘द ममी’चं एक पोस्टर १९९७ ला सदबीजच्या लिलावात ४,५३,५०० डॉलरला गेलं, २०१७ ला १९३१ च्या ‘ड्रॅक्युला’चं ५,२५,८०० ला. हे आकडे ऐकून लोक माळे उपसायला लागतात. पण ती पोस्टरं महाग झाली कारण तेव्हा कोणाला ती ठेवावीशी वाटली नाहीत, जगात मोजकीच उरली. आपल्याकडे ऐंशीच्या दशकातली अजून बऱ्यापैकी सापडतात, पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवार-रविवारी, मुंबईत चोर बाजारात, त्यामुळे एकेका पोस्टरचा भाव हजारांतच राहतो. शो-कार्डांचा अख्खा संच एकत्र असेल तर जास्त, सुटी कार्डं कमी, म्हणून संच फोडू नका. तो आठ हजारवाला आधी संच फोडेल.

करायचं असं. ट्रंक कोरड्या दिवशी उघडा, पावसात नाही. एकेक वस्तू बाहेर काढून पुढून-मागून फोटो, आणि ट्रंकेत जशी एकावर एक होती तो क्रम लिहून ठेवा. चिकटलेले कागद सोडवायला जाऊ नका. गंजलेल्या टाचण्या आणि स्टेपल तेवढ्या हलक्या हाताने काढा, गंज कागद खातो. ट्रंक आतून गंजली असेल तर सामान दुसरीकडे हलवा, ट्रंक मात्र ठेवा.

कुठे द्यावं असं वाटलंच तर पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, लॉ कॉलेज रोडजवळ, १९६४ पासून. तिथे फक्त रिळं नसतात, पोस्टरं, फोटो, गाण्यांच्या चोपड्या असं सगळं जपतात. आधी यादी घेऊन विचारा, ट्रंक घेऊन थेट जाऊ नका. घाई काहीच नाही.

घाई एकाच गोष्टीची आहे. वडील ‘होते’ असं तुम्ही ऑपरेटर या नोकरीबद्दल लिहिलंय असं मी धरून चालतो. ते घरी असतील तर ट्रंक त्यांच्यासमोरच उघडा, फोनवर रेकॉर्डिंग चालू ठेवा आणि एकेक कार्ड नुसतं त्यांच्या हातात द्या, प्रश्न विचारू नका. कुठल्या सीनला पोरं किंचाळायची, कुठल्या रिळाला फिल्म तुटायची, अंधारात शिट्ट्या सुरू झाल्या की ते काय करायचे, हे बोलतील आपोआप. आणि ‘३, ६, ९’ हे अक्षर कोणाचं, ते मात्र विचाराच, आणि मला कळवा.